भालबाचा डायल आणि सरकते पाट

एका जंगलात, मुलांनो, सगळंच थोडं थोडं वाकडं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

नदी वाकडी होती. पायवाटा वाकड्या होत्या. वनराज सिंहमहाराजांचा मुकुट तर एका कानावर इतका कललेला असे, की कोणी सरळ टोपी घालून आला तर लोक त्याला परगावचा समजत.

अशा या सुखी जंगलात एकदा एक यंत्र आलं.

ते कुठून आलं, हे विचारू नका. सरकारी वस्तू कुठून येतात, हे शहाण्या मुलांनी विचारायचं नसतं.

यंत्राचं नाव राउटर. खाली भलाथोरला सपाट बेड. त्यावर पुलासारखी आडवी कमान. कमानीला लटकलेलं एक डोकं, त्याच्या खालच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. या डोक्याला स्पिंडल म्हणायचं. संगणकात चित्र काढायचं, बेडवर फळी ठेवायची आणि बटण दाबायचं. मग ते डोकं पुढेमागे, उजवीडावीकडे धावत आपलं आपणच लाकूड कोरत सुटतं. समोर कोण उभं आहे ते बघत नाही आणि कोणी मध्ये बोललं तर थांबत नाही. त्यामुळे दरबारात त्याच्याबद्दल पहिल्यापासून आदर होता.

ते चालवायला नेमलं भालबाला.

भालबा म्हणजे अस्वल. आधी तो मधखात्यात होता. लोकांना वाटतं, अस्वलाला मधखातं म्हणजे स्वर्गच. लोकांना मधमाश्या दिसत नाहीत. भालबाला त्या दिसायच्या, आणि त्यांनाही भालबा दिसायचा. मध जायचा महाराजांच्या कोठारात आणि काटे राहायचे भालबाच्या नाकात. नाक इतकं सुजायचं, की त्याला स्वतःच्या नाकापलीकडचं काही दिसत नसे. हा त्रास खात्यात सगळ्यांनाच होता. पण बाकीच्यांचं नाक सुजलेलं नव्हतं.

यंत्रावर बदली झाली तेव्हा भालबाने मूठभर भुसा उचलला, हुंगला आणि मनाशी म्हणाला, "आता इथून हलायचं नाही."

उद्घाटन थाटात झालं. महाराजांनी दातांनी फीत तोडली. मग खरेदीखात्याचे प्रमुख तरसोजी नारळ घेऊन पुढे आले. तरसोजी म्हणजे तरस. त्यांना प्रत्येक गोष्टीचं हसू यायचं, म्हणून त्यांना प्रत्येक समितीवर घेत.

"साहेब, नारळ फोडायचा दगड तिकडे ठेवलाय," भालबा म्हणाला.

"ही ही ही! उद्घाटन यंत्राचं, आणि नारळ दगडावर? दगडाची पूजा आहे का रे आज?"

आणि त्यांनी नारळ स्पिंडलच्या डोक्यावर हाणला.

नारळ फुटेना. पुन्हा हाणला, तरी फुटेना. नारळ गावठी होता. शेवटी महाराज स्वतः म्हणाले, "तरसोजी, जोर लावा." तरसोजींनी उडी मारून जोर लावला. नारळ फुटला, पाणी उडालं, टाळ्या पडल्या, खोबरं वाटलं गेलं. या सगळ्या आनंदात स्पिंडल किंचित कलला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी महाराजांच्या मुकुटाकडे बघून कोणी ते बोलून दाखवलं नसतं.

यंत्राला पहिलं काम मिळालं पाटांचं.

महाराजांच्या राज्यारोहणाचा वाढदिवस जवळ आला होता. दर वर्षी पंगत बसे, पण दगडाधोंड्यांवर. या वर्षी हुकूम झाला, की प्रत्येकाला पाट हवा. प्रत्येक पाटाच्या एका कडेला महाराजांच्या पंजाचा ठसा कोरायचा, आणि पाट मांडताना ती कडा महाराजांच्या बाजूला करायची. म्हणजे बसणाऱ्याला आपण कोणाचं खातो याचा विसर पडू नये.

भालबाने पाटांचा पहिला ढीग कोरला. मग त्याने एका पाटावरून तळवा फिरवला.

इकडून फिरवला तर लोणी. तिकडून फिरवला तर करवत.

त्याचं काय झालं होतं, तर वाकड्या स्पिंडलमधलं पातं प्रत्येक फेरीत एका कडेने खोल जायचं आणि दुसऱ्या कडेने वर राहायचं. फेरीला फेरी लागून पाटावर बारीक बारीक पायऱ्या पडल्या होत्या, छपरावरच्या कौलांसारख्या. डोळ्यांना दिसत नव्हत्या. बसणाऱ्याला कळणार होत्या.

पहिले बसणारे तरसोजी.

ते पाटावर टेकले, हसले, जरा मागे सरकले आणि किंचाळले. उठले तेव्हा त्यांच्या बैठकीचे बरेचसे केस पाटावरच राहिले होते.

"भालबा!" ते म्हणाले. हसत हसतच म्हणाले, पण दात मोजता येतील असं. "पंगतीत असा पाट दिसला, तर यंत्र जाईल नदीत आणि तू जाशील परत मधखात्यात. या वर्षी आग्या माश्यांचं पीक चांगलं आलंय म्हणे. ही ही!"

भालबाचं नाक नुसत्या आठवणीने ठणकायला लागलं.

वर्कशॉपात त्याच्याबरोबर गोदाक्का होती. गोदाक्का म्हणजे घोरपड. उंचावर चढून बोल्ट आवळणं, तेल घालणं ही कामं तिची. ती एकदा चिकटली की सुटत नसे, मग ती भिंत असो की वाद.

"अरे भालबा, डोकं वाकडं आहे," ती कमानीवरूनच म्हणाली.

"कोणाचं?"

"आत्ता यंत्राचं म्हणतेय. बाकीच्यांचं सवडीने सांगेन."

डोकं वाकडं हे कळलं. पण कुठल्या अंगाला, आणि केवढं? केसाएवढ्या फरकाचा प्रश्न होता, आणि अस्वलाच्या अंगावर इतके केस असतात, की त्यातला एक कमीजास्त झाल्याचं त्याला कळत नाही. त्यासाठी डायल हवा होता. डायल म्हणजे घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर बारीक घरं, मध्ये काटा आणि खाली एक सळईचं बोंड. ते बोंड जरासं आत दाबलं गेलं, की काटा घरं ओलांडत फिरतो. कुठे केवढा उंचसखलपणा आहे, ते तो सांगतो.

भालबाने डायल मागितला. लगेच डायल निवड समिती बसली. अध्यक्ष, तरसोजी. माकडशेट व्यापारी तीन नमुने घेऊन आला.

पहिला डायल फार बारीक मोजणारा होता. दोन टेकड्यांपलीकडे हत्ती शिंकला, काटा फिरला. तरसोजी हसले, काटा फिरला. एक सभासद म्हणाला, "आमच्या समितीत सगळे निःपक्षपाती आहेत." तेव्हा तर तो गरगर फिरला.

"फार चंचल आहे," तरसोजी म्हणाले. "अशा काट्यासमोर बोलायचं तरी कसं? पुढचा दाखव."

दुसऱ्या डायलची तबकडी परातीएवढी होती, आणि आत गंज धरला होता. टेकवला, काटा हलला नाही. दाबला, हलला नाही. समितीने आळीपाळीने अंगठे लावून पाहिले. काटा शून्यावर ध्यान लावून बसला होता.

"काय ही शांती!" एक सभासद म्हणाला.

"आणि दुरूनही दिसते," दुसरा म्हणाला.

"म्हणजे बघा," तरसोजी म्हणाले, "या डायलप्रमाणे आपलं यंत्र आत्ताच सरळ आहे. हा घेतला की काम संपलं! ही ही ही!"

तिसरा डायल हलवलं तेवढा हलत होता आणि थांबवला की थांबत होता. त्याच्यात काहीच विशेष नाही, असं सर्वानुमते ठरलं. तो तरसोजींच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवून दिला गेला.

भालबा परातीएवढा डायल घेऊन वर्कशॉपात आला. त्याने त्याच्याकडे बघितलं. डायलने काहीच कळवलं नाही. भालबा थोडा वेळ नाक चोळत बसला, मग तसाच उठून तरसोजींच्या कचेरीत गेला.

"साहेब, एवढा भारदस्त डायल भुशात ठेवायचा म्हणजे जिवावर येतं. हा तुमच्या टेबलावर शोभेल. येणाऱ्याला लांबूनच कळेल, की या कचेरीत सगळं सरळ आहे."

तरसोजींना ते पटलं. "आणि तुला काय?"

"मला आपलं ते कागदावरचं वजन चालेल."

असा डायल मिळाला. आता प्रश्न आला तो बसवायचा कशावर. डायल हातात धरून चालत नाही. हात हलला की काटा हलतो, आणि मग आपण यंत्र मोजतो आहोत की आपला हात, हे देवालाही सांगता येत नाही.

तरसोजींनी उदार मनाने चुंबकाचा स्टँड मागवला. हत्ती लटकला तरी सुटणार नाही, अशी त्याची ख्याती होती. भालबाने तो कमानीला लावला. स्टँड खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. यंत्राची कमान होती ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. बाकी मात्र तो सगळ्याला चिकटला. चहाच्या किटलीला चिकटला. कचेरीच्या किल्ल्यांना चिकटला. पाहणीला आलेल्या सेनापती रेड्याच्या छातीवरच्या पदकांना तर असा चिकटला, की सोडवताना सेनापतींना दोन लढाया हरल्यासारखं वाटलं.

"स्टँड उत्तम आहे," तरसोजींनी निकाल दिला. "यंत्रच चुकीच्या धातूचं आहे. ते बदलायला हवं. पण ते पंगतीनंतर बघू. तू तोवर पाट सरळ कर."

ते गेल्यावर गोदाक्का म्हणाली, "दे इकडे तो डायल. मी धरते. मी चिकटल्यावर कोण सुटतंय?"

तिने स्पिंडलला मिठी मारली, डायल तोंडात धरला, आणि त्याचं बोंड खाली बेडला टेकवलं. भालबा स्पिंडल हाताने हळूहळू फिरवू लागला. स्पिंडलबरोबर गोदाक्काही फिरू लागली.

"आक्का, काटा वरखाली होतोय."

"आश घ्येय," गोदाक्का म्हणाली. तोंडात डायल होता ना. तिला म्हणायचं होतं, श्वास घेतेय.

"मग नको घेऊस."

"कई-पअंत?"

"मोजून होईपर्यंत."

गोदाक्काने श्वास कोंडला. डोळे बाहेर आले. काटा एकदाचा थांबला. भालबा वाकून घरं मोजायला लागला, आणि तेवढ्यात बेडवरून एक गलेलठ्ठ भुंगा चालत आला. गोदाक्काने तोंड हलवायचं नाही असं ठरवलं. तोंडाने तसं ठरवलं नव्हतं. काटा सगळी तबकडी ओलांडून गेला, भुंगा नाहीसा झाला आणि डायल भालबाच्या डोक्यात पडला.

गोदाक्का खाली उतरली. तिला जंगल फिरताना दिसत होतं. तिने एका खांबाला धरलं आणि ती पोट धरून हसायला लागली. भालबालाही हसू फुटलं. दोघं भुशात लोळून हसली.

"आपण माझं पोट मोजत होतो रे, भालबा," ती डोळे पुसत म्हणाली. "धरणाराच हलतोय, तर काटा दुसरं काय सांगणार?"

भालबाचं हसू थांबलं. तो स्पिंडलकडे बघत राहिला. न हलता धरणारं या यंत्रात कोण आहे? पातं एवढं गरगरतं, लाकूड फोडतं, तरी तसूभर हलत नाही. त्याला कोण धरतं?

"आक्का," तो म्हणाला, "पातं ज्या चिमट्यात बसतं, त्याच चिमट्यात डायल बसवू या. ज्याचा कल बघायचा, त्यालाच धरू दे."

पातं काढलं. त्या जागी एक वाकवलेली सळई आवळली आणि तिच्या टोकाला डायल बांधला. पहिली सळई लांब आणि बारीक होती, ती बोरूसारखी थरथरली. मग भालबाने आखूड, जाड सळई घेतली. ती थरथरली नाही. बेडवर कायमची अंथरलेली जी फळी होती, तिलाही वाकड्या पात्याने पायऱ्या पडल्या होत्या, त्यामुळे डायल तिच्यावरून ठेचकाळत जाणार. म्हणून खाली काहीतरी गुळगुळीत, सपाट हवं होतं. गोदाक्का जाऊन मोराचा आरसा मागून घेऊन आली. आरशाबरोबर मोरही आला. तो आरशाला सोडून राहू शकत नसे.

तेवढ्यात तरसोजी डोकावले.

"हे काय, यंत्र बंद? मग काम कसं होणार? चालू करा, म्हणजे डायल भराभर फिरेल!"

"चालू केलं तर डायल तुमच्या कचेरीपर्यंत येईल, साहेब. न सांगता," गोदाक्का म्हणाली.

तरसोजी निघून गेले.

भालबाने श्वास रोखून स्पिंडल हाताने फिरवला. उजव्या बाजूला काटा शून्यावर लावला. समोर नेला, काटा जरा ढळला. मागे नेला, तेवढाच ढळला. डावीकडे नेला. काटा घरं ओलांडत गेला आणि थांबला. सत्तावीस. पुन्हा एक फेरी केली. पुन्हा सत्तावीस. मोर म्हणाला, "किती सुंदर!" तो आरशाबद्दल बोलत होता, पण भालबालाही तसंच वाटलं. त्याच्या साऱ्या नोकरीत कोणीतरी पहिल्यांदाच त्याला खरं सांगत होतं, आणि तेही न हसता.

मग बोल्ट सैल केले. स्पिंडलच्या पाठीशी एका अंगाला पत्र्याची पातळ पट्टी सारली. आवळलं, फिरवलं. चौदा. आणखी एक पट्टी. सहा. आणखी एक, आणि काटा पलीकडे गेला. "अरे, फार लाड केलेस त्याचे," गोदाक्का म्हणाली. पट्टी काढली, दुसरी पातळ घातली. असं करता करता एक फेरी अशी आली, की आरशाच्या चारही अंगांना काटा एकाच घरात उभा राहिला.

भालबाने आरसा आणि मोर बाजूला केले. एक पाट कोरला. त्यावरून तळवा फिरवला.

इकडून लोणी. तिकडूनही लोणी.

तो पाट त्याने छातीशी धरला. गोदाक्काने दुसरीकडे बघितलं.

पण या सगळ्यात वेळ गेला होता. पंगतीच्या दिवसापर्यंत एका रांगेपुरतेच नवे पाट तयार झाले.

"हरकत नाही," तरसोजी म्हणाले. "नवे पाट उजव्या रांगेला. ती अधिकाऱ्यांची. डावीकडे प्रजा बसते. तिला ते जुने करवतीचे लावा. प्रजेला केस भरपूर असतात."

पंगत बसली. मधोमध महाराज. त्यांच्या उजव्या हाताला लांबच लांब अधिकाऱ्यांची रांग, डाव्या हाताला प्रजेची. महाराज त्या दिवशी शाकाहारी असत. निदान पंगत उठेपर्यंत. तरी प्रजेच्या रांगेत त्यांच्याजवळची जागा घ्यायला सगळ्यांनी एकमेकांना फार आग्रह केला, आणि शेवटी ती सशाला मिळाली. तो मधलं अंतर राखून, पाटाच्या अगदी लांबच्या कडेला टेकला.

मसालेभात झाला. मठ्ठा झाला. मग जिलबी निघाली.

वाढपी निघायचे महाराजांपासून. त्यामुळे जिलबी कुठवर आली हे बघायला जो तो महाराजांच्या बाजूला कलायचा. डाव्या रांगेत कोणी कलला की त्याचं बूड तेवढं अलगद पुढे सरकायचं. पुन्हा मागे यायला गेला की पाटाचे दात केसांत रुतायचे. मागे जाता येईना. मग पुन्हा कलायचं, पुन्हा सरकायचं. पाट संपला की शेजाऱ्याच्या पाटावर. सगळे पाट पंजाच्या ठशाची कडा महाराजांकडे करून मांडलेले, म्हणजे सगळ्यांचे दात एकाच दिशेचे. सांबर रानडुकरावर आलं, रानडुक्कर भेकरावर, भेकर सशावर. सगळी रांग गाठोड्यासारखी महाराजांकडे गोळा व्हायला लागली. आणि शेवटच्या कलण्यासरशी ससा थेट महाराजांच्या मांडीला टेकला.

वाढप्याच्या हातातली जिलबी पानाबाहेर पडली.

महाराजांनी खाली बघितलं. आजवर कोणताही ससा आपणहून त्यांच्याजवळ आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"माझ्याकडे," ते म्हणाले. "आपण होऊन. आणि बघा, किती विश्वासाने डोळे मिटलेत!"

ससा बेशुद्ध पडला होता. पण ते सांगायला तो शुद्धीवर नव्हता.

महाराजांनी प्रजेच्या गाठोड्याकडे मायेने पाहिलं. मग उजवीकडे वळले. तिथे अधिकारी आपापल्या गुळगुळीत पाटावर ताठ बसले होते. जिलबीसाठी कलत होते आणि कलून परत आपल्या जागी येत होते.

"आणि हे माझे विश्वासू!" महाराज गुरगुरले. "एक बोटभर कोणी पुढे आला नाही!"

तरसोजींनी तत्काळ सरकायचा प्रयत्न केला. बसल्या जागी हलले, डुलले. काही होईना. मग दोन्ही हातांनी जोर लावला आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात गेले.

"हे पाट कोणी केले?" महाराजांनी विचारलं.

भालबा पुढे आला. "दोन्हीकडचे मीच केले, महाराज. डावीकडचे यंत्र वाकडं असताना, आणि उजवीकडचे ते सरळ केल्यावर."

"सरळ?" महाराज म्हणाले. "सरळ करायला कोणी सांगितलं होतं?"

"मी नाही, महाराज!" पातेल्यातून आवाज आला. तरसोजी मठ्ठा निथळत उभे राहिले. "मी तर वाकडं करून दिलं होतं! उद्घाटनालाच! सर्वांदेखत! स्वहस्ते!"

"खरंच की," महाराज म्हणाले. "मग पुन्हा तसंच करा. पुढच्या वर्षी दोन्ही रांगा माझ्याकडे यायला हव्यात."

दुसऱ्या दिवशी सगळा दरबार वर्कशॉपात जमला. तरसोजींनी बाह्या सरसावल्या, आणि एकामागून एक नारळ स्पिंडलवर फोडले. गोदाक्का छताला चिकटून टाळ्या वाजवत होती. स्पिंडल इतका कलला, की कोरलेल्या पाटावर रानडुकराला बसवल्याबरोबर ते सुसाट निघालं आणि महाराजांच्या पोटावर आदळलं.

"एवढं प्रेम नको," महाराज श्वास घेत म्हणाले. "कालच्याएवढं हवं. नेमकं कालच्याएवढं. ते किती होतं?"

तरसोजींनी आपल्या टेबलावरचा परातीएवढा डायल मागवला. त्याने शून्य दाखवलं.

भालबाला ते माप ठाऊक होतं. त्याने ते किती वेळा डोळे भरून बघितलं होतं. पण सांगितलं, की तो चारही अंगांना एकाच घरात उभा राहणारा काटा गेला. ते लोणी गेलं. नाही सांगितलं, तर या यंत्राचा इथे कोणाला काही उपयोग नाही, आणि यंत्राविना अस्वलाची जागा कुठे असते, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याने गोदाक्काकडे पाहिलं. ती छताला आणखी घट्ट चिकटली.

जमिनीवर सांडलेल्या नारळाच्या पाण्यावर एक मधमाशी येऊन बसली. तिने पाणी चाखलं. मग मान वळवून भालबाच्या नाकाकडे बघितलं.

"सत्तावीस घरं, महाराज," भालबा म्हणाला. "डाव्या अंगाला."

तेव्हापासून त्या जंगलात दर वर्षी पंगतीआधी मोठा सोहळा होतो. मोर आरसा देतो आणि स्वतः हजर राहतो. भालबा आधी स्पिंडल काटेकोर सरळ करतो, कारण वाकडं मोजायला सरळपासूनच सुरुवात करावी लागते. मग तरसोजी नारळ हाणतात. भालबा डायल फिरवून सांगतो, "एकोणीस." तरसोजी दुसरा जरा हलक्या हाताने हाणतात. "चोवीस." तिसरा नुसता टेकवल्यासारखा. सगळे श्वास रोखतात. गोदाक्कासुद्धा, आणि तिला त्याची सवय आहे. "सत्तावीस!" की टाळ्या, की ताशे, की खोबरं.

पंगतीत दोन्ही रांगा जिलबीगणिक महाराजांकडे सरकतात. सशाची जागा ठरलेली आहे. बेशुद्धही तो आता वेळेवर पडतो.

भालबाला महाराजांनी 'अचूकरत्न' ही पदवी आणि एक लाकडी ढाल दिली. ढाल त्याच यंत्रावर कोरलेली आहे. इकडून हात फिरवला तर लोणी. तिकडून कोणी फिरवत नाही.

काम संपलं, वर्कशॉप रिकामं झालं, की भालबा कोपऱ्यातला भुसा बाजूला करतो आणि त्याखालचा एक पाट काढतो. तोच, छातीशी धरलेला. त्यावर बसतो. जरा उजवीकडे कलतो. जरा डावीकडे कलतो. आणि परत आपल्या जागी येतो.

"काय चैन आहे रे तुझी!" गोदाक्का वरून म्हणते.

"आहेच," भालबा म्हणतो. "महाराजांनासुद्धा मिळायची नाही."

मग तो पाट पुन्हा भुशाखाली ठेवतो, आणि उद्याच्या सत्ताविसासाठी डायल पुसून घेतो.

तात्पर्य, नीट लक्षात ठेवा हं, मुलांनो: मोजमाप नेहमी अचूक शिकावं, आणि मोजणारा काटा हलणार नाही अशा भक्कम जागी बसवावा. त्याखेरीज वरिष्ठांना हवं तेवढंच वाकडं होता येत नाही. आणि जास्त वाकडं झालेल्याचं पुढे काय होतं, ते रानडुकराला विचारा.